मयत इसमाचे हल्लीचे वास्तव्य

पोचू दसरू पुंगाटी हा माणूस मेला आहे, एवढे एकच वाक्य निशा हेडोला कोणा तरी अधिकृत हाताने लिहून हवे होते. माणूस तिचा आजा, म्हणजे आईचा बाप. तिच्या जन्माच्या बऱ्याच आधी गेलेला. गावच्या शिवेबाहेर, मोहाच्या झाडांखाली, त्याच्या नावाने उभा केलेला दगड ती लहानपणापासून पाहत आली होती. पण दगड हा पुरावा होत नाही, कारण दगडावर जावक क्रमांक नसतो.

प्रश्न शेताचा होता. एटापल्लीहून आत, नदी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या त्यांच्या गावात धानाच्या काही बांध्या आज्याच्या नावावर होत्या आणि निशाची आई सोमारी त्या कसत होती. सरकारला अलीकडे असा साक्षात्कार झाला होता की सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची फार गर्दी झाली आहे. मेलेली नावे काढा, जिवंत वारसांची चढवा, अशी मोहीम निघाली. तलाठ्याने सोमारीला सांगितले, खातेदाराच्या मृत्यूचा दाखला आणा, वारसाचा कागद आणा. मुदतीत आणला नाही तर शेत बेवारस म्हणून सरकारजमा करण्याचा प्रस्ताव वर जाईल.

मृत्यूचा दाखला नव्हता. त्या काळी त्या जंगलात माणसे जन्मत आणि मरत, पण त्याची नोंद करायला कोणी येत नसे. नोंद होई ती तेंदूच्या पानांची आणि सागाच्या बुंध्यांची. दाखला नाही म्हटल्यावर तलाठ्याने जुन्या फेरफाराच्या वहीत पाहिले. तिथे एक शेरा होता : ‘वारसाबाबत न्यायालयात अर्ज. निकालाची प्रत सादर करावी.’ कोणते न्यायालय, कोणते साल, काही नाही.

निशा गडचिरोलीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. सुटी काढून ती गावी आली आणि आईला विचारले.

‘‘गेले होते ना,’’ सोमारी माडिया बोलीत म्हणाली. ‘‘चांद्याला. पोचूला कडेवर घेऊन. तुझा बाप होता, गावातला जंगू होता.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘साहेबानं विचारलं, मी सांगितलं. जे सांगितलं ते त्यानं लिहिलं.’’

निशाने पुढे विचारले नाही. भाषेत एम.ए. झालेल्या माणसाला ‘जे सांगितलं ते’ एवढ्यावर विसंबणे जमत नाही. त्याला प्रमाणित प्रत लागते. तिने विचारले असते तर ही सगळी वणवण वाचली असती. पण कोणी विचारत नाही म्हणूनच तर अभिलेखागारे बांधावी लागतात.

वणवणीची सुरुवात तिच्या मैत्रिणीकडून झाली. दिव्यानी ही पोंभुर्ण्याच्या शेतकरी घरातली, निशाबरोबर वसतिगृहात राहिलेली आणि आता चंद्रपूरला वकिली करणारी. निशाने तिला फोनवर विचारले, ‘‘कोर्टात वारसाचा जुना अर्ज शोधायचा आहे. त्याला म्हणतात काय? प्रोबेट?’’

‘‘प्रोबेट म्हंजे मृत्युपत्र खरं हाय, असा कोर्टाचा शिक्का. तुह्या आज्यानं मृत्युपत्र केलं होतं?’’

‘‘आज्याकडे अंगठा होता. कागद नव्हता.’’

‘‘मंग ते नाई. वारसा प्रमाणपत्र असंन. पण ते तर बँकेतल्या रकमेले, शेअरले लागते.’’

‘‘आज्याचे शेअर होते, पण डुकराच्या शिकारीतले.’’

‘‘हासू नको व. शेताचा वारस तलाठी लावते, कोर्ट नाई. भांडण असंन तरच कोर्ट.’’

‘‘भांडण नव्हतं. आई एकटीच होती.’’

‘‘मंग कोर्टात गेली काऊन?’’

हेच निशाला कळत नव्हते. दिव्यानीने आणखी समजावले आणि निशाला आणखी कमी समजले. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही. मग काय लागू आहे? तुमची रूढी. रूढी कुठे लिहिली आहे? कुठेच नाही, म्हणून तर ती रूढी. मग न्यायालयाला ती कळणार कशी? सिद्ध करावी लागते. कोणी? जो सांगतो त्यानेच. आणि तो सांगतो ते खरे कशावरून? त्यावर दिव्यानी म्हणाली, ‘‘निशा, तू आंधी फाइल पाह्य. मंग आपन दोघी मिळून गोंधळू.’’

अहेरीच्या न्यायालयात सांगण्यात आले, इतके जुने इथे नाही, गडचिरोलीला बघा. गडचिरोलीत सांगण्यात आले, बाई, हा जिल्हाच मुळी ब्याऐंशी सालचा, त्याआधीचे सगळे चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला. एका जिल्ह्याच्या पोटातून दुसरा जिल्हा काढताना डोंगर, नद्या आणि वाघ वाटून दिले गेले होते. कागद मात्र जिथल्या तिथे राहिले होते.

चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात खिडकीच्या आत गुणवंतराव बसत. निवृत्तीला टेकलेले. गळ्यात चष्मा, पण वाचताना तो लावायचे विसरणारे. निशाने अर्ज पुढे केला. गुणवंतरावांनी तो हाताच्या अंतरावर धरला, मग आणखी लांब धरला.

‘‘साल नाई?’’

‘‘नाही भाऊ. ऐंशीच्या आसपास असावं.’’

‘‘आसपासची नक्कल भेटत नाई, बाई. नंबर?’’

‘‘तोच शोधायचा आहे.’’

‘‘नंबर असन तर फाइल सापडते. फाइल सापडली तर नंबर कळते.’’ हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही. ‘‘बरं, मेल्याच्या नावानं शोधू का जित्याच्या?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अर्जदाराच्या का मयताच्या?’’

‘‘दोन्ही शोधा ना.’’

‘‘दोन्हीले दोन अर्ज. तिकीट वेगवेगळं.’’

नोंदवही बाहेर आली. तिचा पुठ्ठा वाळवीने नक्षीदार केला होता. निशाने एटापल्ली शोधले. नव्हते. अहेरी शोधले. तेही नव्हते. गुणवंतराव खिशातली सुपारी कातरत म्हणाले की त्या वेळी यातले काही नसेल, सिरोंचा पाहा. सिरोंचाच्या पानांवर सोमवारी जन्मलेल्या बायकांची रांग उभी होती. ही सोमारी, ती सोमारी. कुणाचे आडनाव गाळलेले, कुणाच्या नावापुढे नुसते ‘माडीण’ असे जातीचे वर्णन. जणू माणसांची नोंदवही नसून वनोपजांची. निशा बोट फिरवत गेली आणि मनातल्या मनात एक-एक कारकून झाडाला टांगत गेली. तिला माहीत नव्हते की तिची आई इथे कोणत्या नावाने सापडेल, किंवा सापडली तर ती तिची आईच असेल कशावरून.

शेवटी सापडली, निशाच्या बापाच्या नावासकट : ‘सोमारी, जौजे सुकलू. मयत पोचू वल्द दसरू. निकाल १९८१. खारीज.’

‘‘खारीज म्हंजे गेलं,’’ गुणवंतराव सहानुभूतीने म्हणाले. ‘‘तरी नक्कल पाह्यजे?’’

‘‘पाहिजे.’’

‘‘हारलेल्या केसची नक्कल लोकं नेत नाईत, बाई. लग्न मोडल्यावर पत्रिका सांभाळल्यासारखं हाय ते.’’

नक्कल पुढल्या फेरीत मिळाली. न्यायालयाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर, दिव्यानीच्या शेजारी बसून निशाने ती वाचली. वाचता वाचता तिचा चहा थंड झाला. साय धरली. दिव्यानीने तो पिऊन टाकला.

निकालपत्रात लिहिले होते :

‘अर्जदार बाईने शपथेवर, दुभाष्यामार्फत कथन केले की, तिचे वडील पोचू हे तीन वर्षांपूर्वी धानकापणीच्या सुमारास वारले. अर्जात मयत इसमाच्या वास्तव्याचा रकाना कोरा असल्याने न्यायालयाने त्याबाबत विचारणा केली. “ते कोठे राहात?” असे विचारता “माझ्या घरी” असे उत्तर दिले. “हल्ली त्या घरी कोण आहे?” असे विचारता “तेच आहेत, परत आले” असे उत्तर दिले. “परत आले हे कशावरून?” असे विचारता “सर्व गावाने ओळखले” असे सांगितले. साक्षीदार सुकलू व जंगू यांनीही तंतोतंत असेच सांगितले. उलट विचारणा करूनही साक्षींत विसंगती आढळली नाही.’

आणि खाली :

‘मृत्यूचा दाखला दाखल नाही. एखाद्या इसमाचा सात वर्षे ठावठिकाणा नसल्यास त्याच्या मृत्यूचे अनुमान करता येते. येथे ठावठिकाणा अर्जदार स्वतःच सांगत आहे. सबब पोचू वल्द दसरू हा इसम हयात असून अर्जदार बाईच्या घरी वास्तव्यास असल्याचे निष्पन्न होते. अर्ज खारीज.’

‘‘परत आला म्हंजे?’’ दिव्यानीने विचारले. ‘‘पळून गेल्ता का तुहा आजा?’’

निशाने सांगितले. तिच्या गावात कोणी मेले की तो जातो, पण फार लांब जात नाही. घरात मूल जन्मले आणि दूध घेईना, की म्हातारी माणसे त्याच्याभोवती बसतात आणि मेलेल्यांची नावे एक-एक करून घेतात. ज्या नावाला मूल रडायचे थांबून दुधाला लागते, ते माणूस परत आले. आज्यानंतर वर्षभराने तिचा मोठा भाऊ जन्मला. तो दूध घेईना. बापाकडच्या सगळ्या पिढ्या म्हणून झाल्या, पोर रडतच राहिले. मग कोणी तरी ‘पोचू’ म्हटले. आज्याच्या डाव्या कानाची पाळी अस्वलाने फाडलेली होती. पोराच्या डाव्या कानाला जन्मतःच खाच होती.

‘‘म्हणून त्याचं नाव पोचू,’’ निशा म्हणाली. ‘‘नाव ठेवलं नाही. होतं तेच राहिलं.’’

दिव्यानीने नक्कल आपल्याकडे ओढली. ‘‘म्हंजे तुही माय कोर्टात उभी, कडेवर पोट्टं, आन् जज विचारून राह्यला मयत कुठी हाय.’’

‘‘आणि मयत तिच्या कडेवर अंगठा चोखत होता.’’

दिव्यानी हसली. निशा हसली नाही. तिच्या आत एक थंड, नीटनेटका संताप बसला होता. सगळ्यात जास्त राग तिला कशाचा आला, तर दुभाष्याने एकही चूक केली नव्हती याचा. चूक असती तर ती दाखवून देता आली असती. शब्द शब्दाला लागून बरोबर होता, साक्ष सुसंगत होती, कायद्याचे कलम योग्य होते, आणि या सगळ्या बरोबर गोष्टींची बेरीज करून एका विधिज्ञ माणसाने खाली सही केली होती. मानवशास्त्राच्या पुस्तकांत या पुनर्जन्माला एक प्रकरण असते, तळटीपांसह. त्या प्रकरणातली बाई प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला ‘अर्जदार’ म्हणण्यापलीकडे कोणाला काही सुचले नव्हते. कडेवरच्या पोराचे नाव काय, एवढेही कोणी विचारले नव्हते.

‘‘आता?’’ तिने विचारले.

‘‘आता नव्यानं अर्ज. तुह्या मायनं प्रतिज्ञापत्र करावं. माहा बाप मेला, आन् तो परत आला नाई. दुसरी ओळ पाह्यजेच, नाईतर हा जुना निकाल आडवा येते.’’ दिव्यानीने तिथेच बाकावर मसुदा लिहायला घेतला. ‘‘अंगठा घेऊन ये फक्त.’’

*

निशा गावी पोचली तेव्हा सोमारी अंगणात मोहफुले वाळत घालत होती आणि पोचू तिच्यासमोर बसून आंबील पीत होता. पोचू आता पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, फारसे न बोलणारा गडी. घरात पहिले पान त्याचे. नवे धान आले की पहिली मूठ त्याच्या ओंजळीत. सोमारी निशाला सडकून रागवे, पण पोचूला तिने कधी आवाज चढवल्याचे निशाला आठवत नव्हते. मुलाचे लाड असे ती समजत आली होती.

तिने आईजवळ बसून नक्कल उघडली. ओळ न् ओळ माडियात सांगितली. शेवटी म्हणाली, ‘‘तुझ्यावर अन्याय झाला, आई. त्यांनी तुझं म्हणणं समजूनच घेतलं नाही. आपण ती केस हरलो.’’

सोमारीचे मोहफुलांवरचे हात थांबले.

‘‘कोण हरलं?’’

‘‘आपण.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘इथे लिहिलं आहे ना. अर्ज खारीज.’’

‘‘त्याच्या आधी काय लिहिलं आहे? आत्ता वाचलंस ते.’’

निशाने पुन्हा वाचले, पोचू हा इसम हयात असून अर्जदार बाईच्या घरी वास्तव्यास आहे.

‘‘मग?’’ सोमारी म्हणाली. ‘‘तेच तर लिहून घ्यायला गेले होते मी. तेव्हाचा तलाठी म्हणत होता, पोचू मेला, त्याचं नाव काढतो. मी म्हटलं, नाव कशाला काढतोस? माणूस घरात आहे. वय तेवढं बदल, आता लहान आहे म्हणून लिही. तो ऐकेना. म्हणाला, चांद्याला जा. मी गेले. तिथे काळ्या कोटाच्या माणसानं काही लिहून अंगठा घेतला. काय लिहिलं, त्याला ठाऊक. पण साहेबानं मला विचारलं आणि मी सांगितलं ते त्यानं ऐकलं. आम्ही जिंकून आलो, पोरी. तुझ्या बापानं कोंबडा कापला होता.’’

निशाच्या डोक्यात काही तरी उलटे झाले आणि पुन्हा सुलटे होईना. इतके आठवडे ती एका पराभवाचे मूळ शोधत हिंडत होती. आणि घरात त्याच पराभवाचा कोंबडा तिच्या जन्माआधीच खाऊन झाला होता. अर्ज आईचा नव्हताच. वकिलाने आपल्याजवळ तयार असलेला साचा तिच्या अंगठ्यावर चढवला होता. न्यायाधीशाने तो अर्ज फेटाळताना नकळत आईचे खरे मागणे मान्य केले होते. मग समजले कोणाला नव्हते? आईला, न्यायाधीशाला, की नक्कल हातात घेऊन टपरीवर संतापलेल्या एम.ए. बाईला?

ती सावरली. शेत वाचवायचे होते. तिने दिव्यानीचा मसुदा काढला. ‘‘ते असू दे. आता एवढ्यावर अंगठा दे. बाप मेला. परत आला नाही.’’

‘‘बाप मेला यावर देते.’’

‘‘दुसरी ओळसुद्धा हवी.’’

सोमारीने पोचूकडे पाहिले. तो आंबील संपवून वाडगा चाटत होता. ‘‘तो समोर बसून जेवतो आहे. आणि मी तो नाही म्हणून अंगठा देऊ?’’

‘‘नाही दिलास तर शेत बेवारस होईल.’’

‘‘दिला तर हा बेवारस होईल.’’

निशा भावाकडे वळली. ‘‘दादा, तू तरी सांग तिला. तुला तरी आठवतं का काही? आज्याचं?’’

पोचूने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. ‘‘मले मागच्या बाजाराचं आठवत नाई,’’ तो तिच्याशी नेहमी बोले तशा मराठीत म्हणाला. ‘‘पन शेत मले जुनंच वाटते.’’

मसुदा दप्तरात परत गेला.

*

मोहिमेतले चावडीवाचन गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात होते. मंडळ अधिकारी जिवतीकडचे, डोंगरातले. बोलायला बरे, पण त्या दिवशी त्यांना आणखी दोन गावे उरकायची होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते खातेदारांची नावे वाचत. जिवंत असेल तो ‘हाव’ म्हणे. मेला असेल तर घरचे उठून कागद देत. निशा आईशेजारी बसली होती. दप्तरात दोन कागद. एकावर अंगठ्याची जागा कोरी, दुसऱ्यावर न्यायालयाचा गोल शिक्का. कोणता काढायचा हे तिचे ठरले नव्हते. कोराच कागद दाखवून मुदत मागावी, एवढेच तिच्या मनात होते.

‘‘पोचू दसरू पुंगाटी.’’

‘‘हाव जी,’’ मागून आवाज आला.

पोचू खांबाला टेकून तंबाखू मळत होता. त्याने मानसुद्धा वर केली नव्हती. त्याच्या जन्मापासून या गावात त्या हाकेला दुसऱ्या कोणी ओ दिलेली नव्हती.

अधिकाऱ्यांनी यादीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. ‘‘तू पोचू दसरू?’’

‘‘पोचू.’’

‘‘बापाचं नाव काय?’’

पोचू विचारात पडला. आईकडे पाहिले. मग त्याने अगदी सरळपणे विचारले, ‘‘कोन्त्या खेपेचं, साहेब?’’

गोटुलात कोणी हसले नाही. हसला तो फक्त साहेबांचा शिपाई, आणि आपण एकटेच हसत आहोत हे कळल्यावर तोही थांबला.

‘‘आंधी दसरू,’’ पोचू म्हणाला. ‘‘आता सुकलू.’’

अधिकाऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘‘अरे, हा खातेदार मेलेला आहे ना?’’ त्यांनी साऱ्या गावाला विचारले.

‘‘मेला जी,’’ गाव म्हणाले.

‘‘मग हा कोण?’’

‘‘पोचू.’’

‘‘मेला कोण?’’

‘‘पोचू.’’

‘‘बाई, तुम्ही त्याची लेक ना?’’ त्यांनी सोमारीला विचारले. ‘‘हा तुमचा कोण?’’

‘‘बाप व्हय माहा,’’ सोमारी मोडक्या मराठीत, पण ठाम आवाजात म्हणाली. ‘‘मी पैदा केला.’’

अधिकाऱ्यांची नजर सगळ्या गावावरून फिरत निशाच्या इस्त्रीच्या साडीवर येऊन थांबली. बुडत्याला काडी दिसावी तशी. ‘‘मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा. हा माणूस जिवंत आहे की मेलेला? एक काय ते सांगा, मी लिहून टाकतो.’’

सगळे गाव तिच्याकडे पाहू लागले. सोमारी मात्र समोर पाहत राहिली, जणू लेकीने काय सांगावे यात तिचा काही संबंध नाही.

‘मेला’ म्हटले की वारसाचा कागद मागणार, तो नाही, म्हणजे बेवारस. ‘जिवंत’ म्हटले की खोटे. खरेच खोटे का? निशाने भावाकडे पाहिले. डावा कान, त्यावरची खाच. लहानपणी ती त्या खाचेत बोट घालून खेळायची, आणि आई हात झटकून म्हणायची, मोठ्या माणसाच्या कानाला हात लावू नये. ते वाक्य तिला आत्ता, या गोटुलात, पहिल्यांदा ऐकू आले.

‘‘मेले,’’ ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण वाक्य ती कुठून तरी वाचून दाखवत आहे असे तिला वाटले. ‘‘परत आले.’’

आणि दप्तरातून शिक्क्याचा कागद काढून तिने पुढे केला.

अधिकाऱ्यांनी निकाल एकदा वाचला. परत वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. कागद उन्हात धरून पाहिला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत गेल्या. त्यांना काही समजले होते असे नाही. ते समजून घेण्याची जबाबदारी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी तरी उचलली होती, एवढे मात्र त्यांना समजले.

‘‘याच्यावर अपील झालं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कोर्टच म्हणतं हयात, तर मी कोण म्हणणार मयत?’’ त्यांनी यादीतल्या नावापुढे लिहिले : ‘मा. न्यायालयाचा निकाल पाहिला. खातेदार हयात. समक्ष हजर.’ आणि लगेच पुढचे नाव वाचले, हळूहळू वाचले तर आणखी कोणी परत येईल अशा घाईने.

निशा खाली बसली. आपण शेत राखले, की सरकारला फसवले, की शपथेशिवाय आयुष्यातली सर्वांत खरी साक्ष दिली, यातले काहीच तिला ठरवता येईना. कधी तरी कोणी पोचूचे आधारकार्ड मागेल, तिथे ‘पोचू सुकलू हेडो’ असेल, आणि मग पुन्हा खिडकी, पुन्हा गुणवंतराव. तिने शेजारी पाहिले. वाटले, आई काही बोलेल.

सोमारी मान लांब करून साहेबांच्या यादीकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हते, तरी पाहत होती. मग तिने निशाच्या कोपराला हळूच ढोसले.

‘‘वय किती लिहिलं त्यानं, विचार,’’ ती माडियात पुटपुटली. ‘‘तेवढं राहिलं होतं मागच्या वेळी.’’